चार आठवड्यांचा वकील

हिर्डोशीत शाळेच्या व्हरांड्यात कायदा शिबिर भरलं होतं. आत्याने पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलामागच्या मुलीला विचारलं, “बाई, यावर सही केली तर माझं काय जातं?”

कागद म्हणजे हक्कसोडपत्राचा मसुदा. पुण्याहून प्रिंट काढून मीच आणला होता.

मुलगी लॉच्या शेवटच्या वर्षाची. तिने आधी सातबारा मागितला, मग फेरफार. आजोबांनंतरच्या वारसनोंदीत आत्याचं नाव बोटाने शोधलं आणि म्हणाली, “तुमचा हिस्सा भावाकडे जाईल. एकदा नोंदणी झाली की मागे फिरणं अवघड. बदल्यात काही ठरलंय का?” आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलकडे.

त्या रात्री लाजेपोटी वाचायला बसलो.

हिर्डोशी हिरडस मावळातलं. शिवकाळात इथले वतनाचे तंटे गोतसभेत सुटायचे. दोन्ही पक्ष स्वतः उभे राहायचे, निवाडा झाला की महजर लिहिला जायचा आणि त्यावर पाटलाची निशाणी म्हणून नांगर उमटायचा. वकील नव्हता. (गोतसभेत आत्याचं कितपत ऐकलं गेलं असतं, हा प्रश्न आहेच. तिथे बसणारे बहुतेक पुरुष वतनदार.) पुढे कोर्टं आली, वकील आले आणि त्यांची फीही आली. १९४८ मध्ये भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. लगेच पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी यासाठी मुंबई सरकारची न्यायमूर्ती एन. एच. भगवती समिती कामाला लागली होती. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९८७ उजाडलं आणि तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५. त्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. हे आत्याला माहीत नव्हतं. इंजिनिअर भाच्यालाही नव्हतं.

पण मोफत वकिलाला सातबारा वाचता यायला हवा ना? इथे गोष्ट अडकते. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षा होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती अट गेली. मग बार कौन्सिलने १९९५ मध्ये नियम केले: पदवीनंतर वर्षभर अनुभवी वकिलाच्या हाताखाली काम करा, मगच सनद. म्हणजे एकाच वर्षी गरिबाला वकील देणारा कायदा लागू झाला आणि वकील घडवणारे नियमही आले. त्यातला पहिला टिकला. दुसरे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. सुधीर खटल्यात रद्द केले. प्रशिक्षण नको, असं न्यायालयाचं म्हणणं नव्हतं. संसदेने काढून टाकलेली अट बार कौन्सिल स्वतःच्या नियमांतून परत आणू शकत नाही, एवढंच तेव्हा न्यायालयाने म्हटलं होतं. कायद्याच्या दृष्टीने हे पटतं. तरी वाईट वाटतं.

आता उरलंय ते पदवीच्या आतलं प्रशिक्षण. २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २०. ती स्वयंसेवी संस्थेत करा, वकिलाकडे करा, नाहीतर कोर्टात. मात्र एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. २०११ च्या विधी सेवा नियमांनी लॉच्या विद्यार्थ्यांना दुर्गम गाव दत्तक घेऊन तिथे शिबिरं भरवण्याची मुभाही दिली. कागदावर हे हिर्डोशीसारख्या गावासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. अलीकडे नीरा देवघरचं पाणी, पलीकडे पावसाळ्यात बंद पडणारा वरंधा घाट, आणि कोर्ट थेट भोरला.

पण चार आठवडे! आमच्याकडे नवा पोरगा चार आठवड्यांत फार तर कोड चालवून बघायला शिकतो. जमिनीचा वाद वर्षानुवर्षं चालतो. त्या मुलीने फेरफार वाचला कारण तिच्या घरी शेती होती, असं ती म्हणाली. कॉलेजात तिला तो कोणी दाखवला नव्हता.

मसुदा मी परत मागितला नाही. वडिलांना मात्र सांगितलं की आत्याचा हिस्सा मोजायला हवा. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या शिबिराला आत्या पुन्हा आली. टेबलामागे आता वेगळाच मुलगा होता. त्याने वही उघडली आणि विचारलं, “आजी, तुमचा प्रश्न काय आहे?”

आत्याने पिशवीची गाठ सोडली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.