पडद्यावरील जोडाक्षर : मुक्तस्रोत आर्केड खेळ आणि मराठीचे योगदान

प्रस्तावना

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंथुर्णे हे गाव आहे. निरा डाव्या कालव्यावर पोसलेला हा उसाचा पट्टा असून वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात वसविलेले वालचंदनगर येथून जवळच आहे. या परिसरात यंत्र उघडून पाहण्यात कोणालाही नवल वाटत नाही. विहिरीवरची मोटार जळाली की ती गावातच खोलली जाते, वाइंडिंग होते आणि ती पुन्हा पाण्यावर बसते. मात्र १९९०च्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रातील मुलांच्या हाती व्हिडिओ गेमची जी यंत्रे आली, ती या सवयीत बसणारी नव्हती. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे कॅसेटचे खेळ असोत वा तालुक्याच्या गावांतील पार्लरमधील नाण्यावर चालणारी यंत्रे असोत, त्यांची आज्ञावली बंदिस्त होती आणि पडद्यावरील प्रत्येक शब्द इंग्रजी होता. बहुसंख्य मुलांनी तो शब्द वाचला नाही. चित्र ओळखावे तसा ओळखला.

ज्या आर्केड खेळांची स्रोतसंहिता सर्वांना खुली आहे, अशा खेळांच्या इतिहासात मराठी भाषकांनी कोणती भर घातली आणि ती भर खेळणाऱ्यापर्यंत पोहोचण्यास इतका विलंब का लागला, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सामायिक आज्ञावली ते बंद पेटी

आर्केड खेळांचा इतिहास सहसा १९७२च्या ‘पाँग’पासून सांगितला जातो. तसे केल्याने एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. या परंपरेचा आरंभ बाजारात नव्हे, तर प्रयोगशाळेत झाला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६२ मध्ये पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार झाला. मूळ आज्ञावली स्टीव्ह रसेल याची. परंतु पार्श्वभूमीवरील ताऱ्यांचा खराखुरा नकाशा पीटर सॅमसनने दिला, मध्यवर्ती ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्‌सने बसविले आणि संकटसमयी यान अदृश्य करण्याची सोय मार्टिन ग्रेट्झची. एकाने लिहावे, दुसऱ्याने त्यात भर घालावी आणि तिसऱ्याने प्रत करून न्यावी, हा व्यवहार येथे कोणत्याही परवान्याविना चालला. ग्रेट्झने १९८१ मध्ये या खेळाची जन्मकथा लिहून ठेवली, म्हणून कोणाचा वाटा कोणता हे आज सांगता येते.

१९७१ मध्ये ‘कॉम्प्युटर स्पेस’च्या रूपाने हीच कल्पना नाण्यावर चालणाऱ्या पेटीत शिरली आणि तिची रचना व्यापारी गुपित बनली. ते गुपित पुढे फोडले ते हौशी अभ्यासकांनी. इटलीच्या निकोला साल्मोरिया याने फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. जुन्या आर्केड यंत्रांतील चिपांचे वर्तन तिच्या स्रोतसंहितेत शब्दशः नोंदलेले आहे. खेळ चालणे हा तिच्या कर्त्यांच्या मते दुय्यम लाभ होय. मुख्य हेतू नष्ट होत चाललेल्या यंत्रांची नोंद ठेवण्याचा. व्यापारी वापरास मनाई असल्याने मेमची संहिता वाचावयास मिळत असूनही ती काटेकोर अर्थाने मुक्तस्रोत नव्हती. तो दर्जा तिला मार्च २०१६ मध्ये परवाना बदलल्यानंतर लाभला.

दुसरीकडे रिचर्ड स्टॉलमनच्या जीएनयू प्रकल्पाने (१९८३) आणि जीपीएल या परवान्याने (१९८९) ‘स्पेसवॉर’च्या काळातील अलिखित रीतीला कायद्याचे रूप दिले होते. या परवान्याखाली नवे आर्केड खेळ आले. ताइतोच्या १९९४च्या ‘पझल बॉबल’वरून २००२ मध्ये तयार झालेला ‘फ्रोझन बबल’ हा त्यांपैकी विशेष लोकप्रिय ठरला.

महाराष्ट्रातील प्रवेश

भारतात हे खेळ प्रथम आले ते महाजालातून नव्हे, मासिकांसोबतच्या सीडींतून. ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ पासून लिनक्सच्या सीडी वाटण्यास प्रारंभ केला, ‘लिनक्स फॉर यू’ हे मासिक २००३ मध्ये सुरू झाले. ज्या गावात दूरध्वनीवरून काही मेगाबाइट उतरविण्यास रात्र जात असे, तेथे या सीडीचे मोल काय होते ते त्या पिढीतील प्राध्यापकांना वेगळे सांगावयास नको. मात्र सीडीवरील खेळ खेळणे आणि त्याची संहिता घेऊन तो स्वतः बांधणे यांत मोठे अंतर होते. बांधणीसाठी संकलक लागतो, चित्र, ध्वनी व अक्षरे यांची स्वतंत्र ग्रंथालये लागतात, आणि त्यांतील एकाचीही आवृत्ती जुळली नाही की काम तेथेच थांबते. पुण्या-मुंबईबाहेरचा विद्यार्थी बहुधा याच पायरीवर अडला.

मराठी भाषकांचे योगदान म्हणूनच दुसऱ्या दाराने आले. ते दार भाषेचे होते. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडिक्स’ व स्वयंसेवकांचा ‘इंडलिनक्स’ या उपक्रमांनी भारतीय लिपींसाठी पायाभरणी केली. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने घडविलेले लोहित टंक रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएलखाली खुले केले. २०११ मध्ये ते मुक्त टंक परवान्याखाली आले. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील भाषागट आणि त्याबाहेरील स्वयंसेवक यांनी गनोम व केडीई या वातावरणांचे मराठीकरण हाती घेतले. त्यांबरोबर येणारे साप, चेंडू, यंत्रमानव यांचे छोटे आर्केड खेळही त्यात होते. या कामाची नोंद अनुवादाच्या फायलींच्या शिरोभागी, नाव व वर्षासह, आजही पाहावयास मिळते. वाङ्मयेतिहासात अशा नोंदींना स्थान मिळत नाही, हे खेदजनक आहे.

चौकट आणि जोडाक्षर

अनुवाद झाला म्हणजे खेळ मराठीत आला, असा समज स्वाभाविक आहे. परंतु तो चुकीचा ठरला. त्याचे कारण आर्केड यंत्राच्या मूळ बांधणीतच होते.

१९८०च्या ‘पॅकमॅन’चा पडदा २२४ बाय २८८ बिंदूंचा आहे. तो ८ बाय ८ बिंदूंच्या चौकटींत विभागलेला असून अशा २८ उभ्या व ३६ आडव्या ओळी पडतात. प्रत्येक चौकटीत एक ठरावीक चित्र बसते. ते भिंतीचा तुकडा असेल, खाण्याचा ठिपका असेल किंवा इंग्रजी अक्षर असेल. यंत्राच्या दृष्टीने अक्षर आणि भिंत यांत भेद नाही. रोमन लिपीला ही व्यवस्था सोयीची आहे, कारण तिची अक्षरे एकापुढे एक सुटी उभी राहतात. मुक्तस्रोत खेळांनी यंत्र बदलले तरी ही रीत पुष्कळ काळ तशीच ठेवली. एका चित्रात सर्व अक्षरे मांडावयाची आणि लागेल ते कापून पडद्यावर डकवावयाचे, असे अनेक खेळांत चाले.

देवनागरीला ही चौकट मानवत नाही. ‘स्थिती’ हा शब्द घेऊ. युनिकोडमध्ये तो स, हलन्त चिन्ह, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी या क्रमाने साठविला जातो. वाचकाला मात्र पहिली वेलांटी ‘स्थ’च्या आधी दिसावी लागते आणि सचा अर्धा आकार थला चिकटावा लागतो. हे काम अक्षरजुळणी करणाऱ्या वेगळ्या आज्ञावलीचे आहे. ती नसेल तर पायमोडका स, सुटा थ आणि भलत्याच जागी लोंबणारी वेलांटी दिसते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्या हे तर मराठीचे खास वैशिष्ट्य. हिंदीपुरती चाचणी घेणाऱ्याला तेथील दोष जाणवतही नाही. ल आणि श यांच्या आकारांचेही तसेच. पाकळीयुक्त ल व देठयुक्त श या रूपांना महाराष्ट्र शासनाने वर्णमालेविषयीच्या निर्णयांतून (२००९ व २०२२) प्रमाण मानले आहे. टंकात ही रूपे असली तरी मजकूर मराठी आहे हे खेळाने सांगितल्याशिवाय ती प्रकट होत नाहीत.

गनोममधील खेळांना ही अडचण फारशी आली नाही. २००२ मधील जीटीके २.० पासून तेथे पँगो ही जुळणीप्रणाली होती. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातील एका वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेचा प्रयोग झाला. त्या लॅपटॉपमधील ‘शुगर’ हे वातावरणही पँगोवरच आधारलेले होते. ‘फ्रोझन बबल’नेही २००६च्या दुसऱ्या आवृत्तीत पँगोचा आधार घेतला. परंतु आर्केड पद्धतीचे बहुसंख्य खेळ एसडीएल या ग्रंथालयावर व त्याच्या अक्षरे उमटविणाऱ्या जोडणीवर विसंबून होते, आणि या जोडणीत देवनागरीची जुळणी नव्हती. अनुवादकाने फाइल पूर्ण करावी, ती स्वीकारलीही जावी आणि पडद्यावर तुटकी अक्षरे उमटावीत, अशी ही परिस्थिती होती. अनुवादकाला खेळ स्वतः बांधून पाहता आला असता, तर दोष पहिल्याच दिवशी कळला असता. बांधणीची पायरी ओलांडता न येण्याची खरी किंमत येथे मोजावी लागली.

नोंदींचा अभाव

दुसरी अडचण दस्तऐवजीकरणाची. अनुवादकाच्या हाती खेळ नसतो, सुट्या शब्दांची यादी असते. ‘फायर’ म्हणजे आग की गोळी झाडण्याची आज्ञा, ‘स्टेज’ म्हणजे रंगमंच की टप्पा, हे यादीवरून कळत नाही. ‘खेळाडू’ हा शब्द तर जिंकला, जिंकली, जिंकले यांपैकी कोणते क्रियापद घेणार, असा प्रश्न इंग्रजी वाक्य लिहिणाऱ्याला पडतच नाही. संख्यादर्शक वाक्यांत ‘१ जीव उरला’ आणि ‘३ जीव उरले’ असे दोन साचे द्यावे लागतात. जेथे मूळ कर्त्याने आकडा व शब्द स्वतंत्र तुकड्यांत लिहिले, तेथे शुद्ध मराठी वाक्य रचणे अशक्यच होते. गेटटेक्स्ट या अनुवादप्रणालीत २००६ पासून शब्दाचा संदर्भ देण्याची सोय झाली, पण तो संदर्भ लिहिण्याचे कष्ट फार थोड्या कर्त्यांनी घेतले. एका ओळीच्या टिपणाने जे साधले असते, त्यासाठी अनुवादकांना पत्रव्यवहार करावा लागला.

यावर भारतातून काही उपाय निघाले. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युएल’ उपक्रमाने वारंवार येणाऱ्या संगणकीय शब्दांचे पर्याय सामूहिक चर्चेने निश्चित करण्याची पद्धत घालून दिली. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, सी, जावा इत्यादी विषयांचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध केले. संहिता कशी संकलित करावी, हे मराठीतून ऐकण्याची सोय ग्रामीण विद्यार्थ्यास त्यामुळे मिळाली. महाविद्यालयांनी तिचा लाभ किती घेतला, हा वेगळा प्रश्न. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात ग्रंथालय-व्यवस्थापनाची तीच ती प्रणाली दरवर्षी नव्याने लिहिली जाते. चालू असलेल्या मुक्तस्रोत खेळातील एक दोष शोधून, त्याची नोंद करून, दुरुस्ती स्वीकारली जाईपर्यंत पाठपुरावा करणे हे मात्र ‘प्रकल्प’ या सदरात बसत नाही.

२०२२ नंतर

एसडीएलच्या अक्षरजोडणीत हार्फबझ या जुळणीप्रणालीचा अंतर्भाव २०२२च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या २.०.१८ या आवृत्तीत झाला. त्यामुळे या जोडणीवर चालणाऱ्या खेळांत ‘स्थिती’ आणि ‘दुसऱ्या’ हे शब्द अखंड उमटविणे शक्य झाले. तरीही ही सोय आपोआप लागू होत नाही. जोडणी हार्फबझसह बांधलेली असावी लागते, खेळाने लिपी सांगावी लागते आणि देवनागरीचा टंक सोबत द्यावा लागतो. अक्षरांचे चित्र कापून डकविणाऱ्या जुन्या खेळांत तर मजकूर उमटविण्याचा भागच नव्याने लिहावा लागतो. एकेका खेळासाठी हे काम थोड्या दिवसांचे आहे. त्याला मोठा संगणक किंवा महानगरातील पत्ता लागत नाही. पहिल्या दशकातील अनुवादकांनी पूर्ण केलेल्या फायली भांडारांत जपून आहेत. त्यांतील काही खेळ मधल्या काळात बंद पडले, तर काहींच्या इंग्रजी वाक्यांत इतके बदल झाले की मराठी अनुवाद निम्म्यावर आला आहे.