जेठा कोंब आणि शेंड्याची सत्ता

आजचा विषय छोटा वाटेल. घरातल्या माशांच्या टाकीत दांड्याच्या पाणवनस्पती असतात. हायग्रोफिला, रोटाला अशी त्यांची नावं. त्यांतल्या काही मूळच्या आपल्याच देशातल्या भातखाचरांत आणि पाणथळीत वाढणाऱ्या. त्या सरळ वर जातात, खालचा भाग उघडा पडतो. मग आपण शेंडा कापतो आणि तोच शेंडा वाळूत खोचतो. वर त्याला मुळं फुटतात, खाली बुंध्याला दोन-दोन फांद्या येतात, आणि झाड दाट होतं. शौक शहरातला. पण नगर जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगरमध्ये, हेच काम हजारो एकरांवर चालतं. त्याला आपण ऊस लावणं म्हणतो.

ऊस आपण बी पेरून लावत नाही, कांडी लावतो. ही पद्धत किती जुनी? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीच्या अधिकाऱ्याची कर्तव्यं सांगितली आहेत. त्यात कांडीच्या कापलेल्या तोंडाला मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण यांचा लेप द्यावा असं आहे. आज आपण टिपरी बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवतो. औषध बदललं, पण भीती तीच: कापलेल्या जागेतून रोग शिरतो. त्याच प्रकरणात कौटिल्य पिकांची प्रतवारी लावतो. भात उत्तम, भाजीपाला मध्यम आणि ऊस कनिष्ठ. कारण त्याला संकटं फार आणि खर्च फार. हे वाक्य मनात ठेवा, आपण त्याच्याकडं परत येणार आहोत.

आता कापल्यावर फूट का येते? चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये गवताच्या कोवळ्या कोंबांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रकाश टोकाला कळतो आणि वाकणं खाली घडतं, म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो, असा त्यांचा निष्कर्ष. 1920च्या दशकात हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंटनं तो निरोप म्हणजे एक द्रव्य आहे हे दाखवलं. त्याला ऑक्सिन म्हणतात. पुढं थिमन आणि स्कूग यांनी 1930च्या दशकात शेंडा कापलेल्या घेवड्याच्या जातीच्या रोपावर ऑक्सिन ठेवलं, तर बगलेतले डोळे पुन्हा झोपून राहिले. शेंडा असा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. अलीकडच्या संशोधनानं यात भर घातली: शेंडा साखरही स्वतःकडं ओढतो, तो गेला की ती साखर डोळ्यांना मिळते.

आपल्या शेतकऱ्याला ऑक्सिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण व्यवहार ठाऊक होता. अख्खा ऊस सरीत आडवा टाकला तर सगळे डोळे सारखे उगवत नाहीत. म्हणून दोन-दोन डोळ्यांच्या टिपऱ्या करायच्या, हेक्टरी साधारण 25 हजार. पुढं दीड-दोन महिन्यांनी काहीजण पहिला, थोरला कोंब मोडतात. त्याला म्हणतात जेठा कोंब. जेठा काढला की फुटवे जोमानं येतात. बघा, भाषेनं शास्त्राच्या आधीच नातं ओळखलं: थोरला बाजूला झाला की धाकट्यांना वाट.

इथं एक सावधगिरी. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला अशा रूपकांचा मोह होतो, आणि मग जेठा काढला की समता आली असं आपण म्हणून जातो. तसं नसतं. कापणं वाढ निर्माण करत नाही, फक्त वाढीचं वाटप बदलतं. फुटवे पुष्कळ येतात, पण त्यांतले बरेच मरतात. पाणी, खत आणि ऊन पुरेल तितक्यांचाच ऊस होतो. टाकीतही उजेड कमी असेल तर कापून फक्त काड्या वाढतात.

हे पाणी आपल्याकडं आलं कुठून? जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला. प्रवरेवरचं भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, कालव्यांनी ऊस पसरला. 1948 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीला सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली, 1950-51 ला गाळप सुरू झालं. म्हणजे कांडीच्या मागं कालवा होता, कालव्याच्या मागं संघटना होती. फुटव्याचं श्रेय एकट्या कोयत्याला देऊ नका.

दुसरी गोष्ट. कांडी लावली की नवं झाड होत नाही, तेच झाड पुढं चालतं. गुण जातात, तसा रोगही जातो. 1880च्या दशकात जावा बेटावर सेरेह रोगानं ऊस बुडाला, तेव्हा लोकांनी उसाच्या बियांकडं नव्यानं पाहिलं. आपल्याकडं 1912 मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं. तिथं उसाचा रानटी कांस गवताशी संकर होऊन को 205 हे वाण 1918 मध्ये आलं. पुढं दख्खनमध्ये को 419 आणि अलीकडं को 86032 यांनी रानं व्यापली. एकच वाण मैलोन्‌मैल, म्हणजे एकच झाड मैलोन्‌मैल. त्याला लागण झाली तर सगळ्यांनाच.

म्हणून बेणं खोडव्याचं घेऊ नये, दहा-अकरा महिन्यांच्या निरोगी मळ्यातलं घ्यावं, असं सांगतात. टाकीवालाही तेच करतो: बुंधा थकला की उपटतो आणि कोवळा शेंडा नव्यानं लावतो. आपण मात्र खोडव्यावर खोडवा घेतो आणि उतारा घटला की पाणी वाढवतो.

कौटिल्यानं ऊस लावू नका असं म्हटलं नव्हतं. किंमत आधी मोजा, एवढंच त्याच्या प्रतवारीतून निघतं. आज ती किंमत आपल्या विहिरींत मोजता येते. कुठं कापायचं, हे आपल्याला दोन हजार वर्षं येतंय. किती फुटवे पोसायचे, हे मात्र प्रत्येक पिढीनं नव्यानं ठरवायचं असतं. इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.