परिचर्येची सनद

गेल्या वर्षी मे महिन्यातील एका दुपारी केळापूर तालुक्यातील एक शेतकरी बाप आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आला. मुलगी नुकतीच बारावी उत्तीर्ण झाली होती. बापाच्या हाती एका परिचर्या विद्यालयाची रंगीत माहितीपुस्तिका होती आणि कापसाच्या पैशांतून फीचा पहिला हप्ता भरण्याचा बेत पक्का झाला होता. त्याला आमच्याकडून केवळ शिफारसपत्र हवे होते. “या विद्यालयाला मान्यता कोणाची?” असे आम्ही विचारले, तेव्हा तो भाबडेपणाने म्हणाला, “फादर, बिल्डिंग तं मोठी हाय!”

त्या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. ‘मान्यता’ हा शब्द अनेकांना कचेरीतील लाल फितीचा वाटतो. वस्तुतः त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात ख्रिस्ती समाजाचाही वाटा आहे.

आरंभी प्रत्येक रुग्णालय आपापल्या परीने परिचारिका घडवी व आपलेच प्रशस्तिपत्र देई. एकीचे शिक्षण दुसरीशी जुळेलच असे नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उत्तर व दक्षिण भारतातील मिशन रुग्णालयांनी एकत्र येऊन सामाईक परीक्षा मंडळे स्थापिली. शासनाचा कायदा होण्यापूर्वीच आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांनी स्वतःवर हे बंधन घालून घेतले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. पुढे १९२६ साली मद्रास इलाख्यात व १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचे कायदे झाले. आपला यवतमाळ जिल्हा त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. त्याचा कारभार नागपुराहून चाले. प्रांत वेगळा की नोंदवही वेगळी, अशी ती स्थिती होती.

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला. ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असे देशाचे विदारक चित्र त्यातून पुढे आले. स्वातंत्र्यानंतर पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या त्या ख्रिस्ती घराण्यात जन्मलेल्या राजकुमारी अमृत कौर. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४७ च्या डिसेंबरअखेर, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मान्य अर्हतांची सूची, विद्यालयांवर निरीक्षक पाठविण्याचा अधिकार, आणि दर्जा घसरल्यास मान्यता काढून घेण्याची तरतूद, ही त्याची तीन मुख्य अंगे होत. सूचीतील अर्हता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीस पुरेशी ठरली. याचा अर्थ वऱ्हाडाने चांगला जाणावा. १९५६ साली यवतमाळ द्विभाषिक मुंबई राज्यात आले व १९६० साली महाराष्ट्रात. राज्यांच्या सीमा हलल्या, तरी मान्य अर्हतेचे मोल हलले नाही. पुढे १९६६ च्या राज्य कायद्याने महाराष्ट्रातील नोंदणीची व्यवस्था एका छत्राखाली आली.

आता आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेकडे वळू. व्रतस्थ भगिनींनी वैद्यकी वा सुईणपण करू नये, असा सभेचा दीर्घकालीन निर्बंध होता. रावळपिंडीत काम केलेल्या डॉ. अ‍ॅना डेंगेल यांनी पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे न जाता प्राणास मुकताना पाहिल्या होत्या. त्यांनी १९२५ साली वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापिला व हा निर्बंध उठावा म्हणून चिकाटीने प्रयत्न केले. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लुर्दमातेच्या सणादिवशी, रोमहून अनुज्ञा आली. तथापि तिच्यासोबत अपेक्षाही आली: भगिनींनी रीतसर शिकून वैद्यकाच्या पदव्या वा परिचर्येची प्रमाणपत्रे मिळवावीत. करुणेने ओथंबलेले हृदय पुरेसे नाही, हात शिकलेला हवा, हेच सभेने सांगितले. चुकीच्या मात्रेने दिलेले औषध प्रेमाने दिले म्हणून अमृत होत नाही.

आज नवे विद्यालय काढणाऱ्याला कोणत्या वाटेने जावे लागते? राज्य शासनाची अनुमती, परिचर्या परिषदेची तपासणी आणि परीक्षा घेणाऱ्या मंडळाशी वा विद्यापीठाशी संलग्नता, हे त्यातील मुख्य टप्पे. चार वर्षांच्या बी. एस्सी. नर्सिंगसाठी ही संलग्नता १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. तपासणीत केवळ भिंती पाहत नाहीत. शंभर खाटांचे रुग्णालय, विद्यार्थिनींच्या प्रमाणात अध्यापिका, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह ही सारी पाहिली जातात. कारण परिचर्या फळ्यावर शिकता येत नाही; ती रुग्णाच्या उशाशी शिकावी लागते. २०२३ साली संसदेने १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी नवा कायदा संमत केला. त्यातही नवी संस्था उघडण्यापूर्वी अनुमती घेण्याचे तत्त्व कायम राहिले.

या प्रक्रियेत विलंब होतो, कागदांचे ढीग वाढतात, ही तक्रार खोटी नाही. परंतु अमान्य विद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलीची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून परिचारिका म्हणून तिला कायदेशीर स्थान नाही. तीन-चार वर्षे व बापाची मिळकत, दोन्ही मातीमोल! म्हणून आमची पालकांस विनंती आहे की, हप्ता भरण्यापूर्वी मान्यतेचा कागद मागावा. अभ्यासक्रमाचे नाव, चालू वर्ष आणि मंजूर जागा त्यावर पाहाव्यात, आणि परिषदेकडे व मंडळाकडे वा विद्यापीठाकडे त्याची खातरजमा करावी.

त्या बापाने तसेच केले. चार दिवसांनी तो परत आला. “मान्यता येऊन राह्यली म्हन्ते,” एवढेच तो बोलला. येऊ घातलेली मान्यता म्हणजे मान्यता नव्हे, हे त्याला आता आम्ही सांगावे लागले नाही. हप्ता भरला गेला नाही. मुलीचे एक वर्ष मात्र गेले, आणि त्या वर्षात ती आईबरोबर शेतात राबली. यंदा तिला मान्यताप्राप्त विद्यालयात प्रवेश मिळाला आहे. निघताना ती आशीर्वाद घ्यावयास आली, तेव्हा शिफारसपत्र आम्ही आनंदाने लिहून दिले.