गुंगीवरचा उतारा

विषावर उतारा म्हणजे विषाच्या उलट गुणाचें द्रव्य, अशी आपली सामान्य समजूत आहे. बेंझोडायझेपिन वर्गाच्या गुंगीच्या औषधांवर जो उतारा सांपडला, त्याचा गुण मात्र स्वतः जवळजवळ कांहींच न करणें हा होय!

रोश कंपनीच्या न्यू जर्सींतील प्रयोगशाळेंत लिओ स्टर्नबाख यांनीं शोधलेलें लिब्रियम १९६० सालीं विक्रीस आलें. मागोमाग १९६३ सालीं व्हॅलियम. युरोप-अमेरिकेंत तीं घरोघर पोंचलीं. पण मेंदूंत त्यांचें आसन कोठें, हें १९७७ सालीं कळलें. पुढें त्याच कंपनीच्या बाझल येथील संशोधकांस असें एक द्रव्य मिळालें कीं, तें त्याच आसनावर बसे, झोंप आणीत नसे, आणि आधीं बसलेल्यास मात्र उठवी. हुंकेलर व सहकाऱ्यांनीं १९८१ सालीं 'नेचर'मध्यें तें प्रसिद्ध केलें. तेंच फ्लुमाझेनिल.

शिरेंतून ०·२ मिलिग्रॅमपासून आरंभ करतात. एकदोन मिनिटांत रोगी डोळे उघडूं लागतो. नातेवाईकांस चमत्कारच वाटावा! परंतु हा पाहुणा तासाभरांत निम्मा ओसरतो, डायझेपाम मात्र दिवसेंदिवस रेंगाळतें. म्हणून जागा झालेला रोगी पुन्हां गुंगींत बुडूं शकतो. शिवाय वर्षानुवर्षें गोळ्या घेणाऱ्यास, किंवा जोडीला नैराश्यावरील ट्रायसायक्लिक औषधें गिळलेल्यास, या उताऱ्यानें झटके येण्याचें भय असतें. अमेरिकेंत १९९१ सालीं त्यास मान्यता मिळाली. तेथील माहितीपत्रकांत हा इशारा चौकटींत छापतात. शस्त्रक्रियेनंतरची गुंगी उतरविण्यास तें सोयीचें; विषबाधेच्या खाटेपाशीं मात्र पुष्कळ डॉक्टर कुपी बाजूस ठेवून रोग्याचा श्वास सांभाळीत बसणेंच पसंत करतात.