बोगनवेलीचं कूळ

गोवंडीत बोगनवेलीचे लाड कुणी करत नाही. रस्त्याच्या दुभाजकात, सोसायटीच्या कुंपणावर, दारातल्या रंगाच्या रिकाम्या डब्यात ती आपली वाढत राहते. पाण्याची ओढ बसली की उलट जास्तच बहरते. तिची राणी रंगाची ‘फुलं’ म्हणजे खरं तर रंगीत पानं. अशा प्रत्येक पानाला चिकटलेली बारीक पांढरट नळी, तेच तिचं फूल. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती गुलबक्षीच्या आणि आपल्या घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नवेच्या, कुळातली. घेटुळी मात्र इथलीच, तर बोगनवेलीचं माहेर ब्राझील आणि नाव एका फ्रेंच माणसाचं.

हा माणूस लुई आंत्वान द बुगँव्हिल, जन्म १७२९, पॅरिस. आधी गणिती, कलनशास्त्रावर पुस्तक लिहिलेला, मग सैनिक. १७५६ मध्ये तो कॅनडात फ्रेंच सेनापती माँकाल्मच्या हाताखाली लढायला गेला. १७५९ मध्ये क्वेबेक पडलं आणि १७६३ च्या पॅरिस तहात फ्रान्सने कॅनडा गमावला. त्याच्या शेजारच्या अकादियातून, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाच्या भागातून, इंग्रजांनी १७५५ पासून हजारो फ्रेंचभाषक शेतकऱ्यांना जहाजांत कोंबून हुसकावलं होतं. त्यांतली कित्येक कुटुंबं फ्रान्सच्या सँ-मालो बंदरात निर्वासित म्हणून पडून होती.

हरलेल्या बुगँव्हिलने नवा डाव मांडला. दक्षिण अटलांटिकातल्या ओसाड बेटांवर वसाहत करायची, म्हणजे पॅसिफिककडे जाणाऱ्या वाटेवर फ्रान्सचं ठाणं होईल. पैसा त्याने स्वतःचा आणि नातलगांचा घातला. माणसं घेतली ती अकादियाचीच. १७६४ मध्ये वस्ती उभी राहिली. सँ-मालोवरून बेटांना मालुईन म्हणू लागले. तीच आजची फॉकलंड. स्पेनने हरकत घेतली. दोन्हीकडचे राजे एकाच बूरबाँ घराण्यातले, म्हणून भांडण मिटलं ते पैशांवर. भरपाई घेऊन १ एप्रिल १७६७ रोजी बुगँव्हिलने स्वतःच्या हातांनी वसाहत स्पेनच्या ताब्यात दिली. काही कुटुंबं परतली, काही स्पॅनिश झेंड्याखाली राहिली. गोवंडी-मानखुर्दच्या माणसाला हा हिशेब नवा नाही: १९७६ मध्ये अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी पाडून तिथल्या हजारोंना चिता कॅम्पात नेण्यात आलं होतं.

बेटं सोपवून पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करायची, असा राजाचा हुकूम होता. बुगँव्हिलचं जहाज ‘बूदूज’ आणि रसद घेऊन मागून आलेलं ‘एत्वाल’ यांची गाठ १७६७ च्या जूनमध्ये रिओ द जानेरोला पडली. ‘एत्वाल’वर वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमेर्सों होता आणि त्याच्याबरोबर ‘बारे’ नावाचा नोकर. रिओच्या परिसरात एक झगझगीत वेल त्यांच्या संग्रहात आली. कॉमेर्सोंने तिला आपल्या कप्तानाचं नाव दिलं. १७८९ मध्ये पॅरिसला वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युसिएच्या ग्रंथात ते छापलं गेलं.

‘बारे’ ही जान बारे होती. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बाईला मज्जाव, म्हणून पुरुषी कपड्यांत चढलेली. कॉमेर्सोंचा पाय जखमेने अधू झालेला, त्यामुळे किनाऱ्यावरची दगदग तिच्याच वाट्याला येई. मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या बर्फाळ डोंगरांवर शिधा, हत्यारं आणि वनस्पतींचे गठ्ठे तिने वाहिले, हे बुगँव्हिलनेच नोंदवून ठेवलं आहे. पुढे दोघं मॉरिशसला उतरली. कॉमेर्सों १७७३ मध्ये तिथेच वारला. बारे फ्रान्सला परतली तेव्हा पृथ्वीला फेरी घालणारी, इतिहासाला माहीत असलेली पहिली स्त्री ठरली.

फ्रेंच नावाची वेल आपल्याकडे फ्रेंचांमार्फत पसरली नाही, यालाही राजकारण कारण. १७७७ मध्ये फ्रेंच वकील सँ-ल्युबाँ पुण्यात नाना फडणवीसांशी खलबतं करत होता. इंग्रजांची झोप त्याने उडवली, पण फ्रेंच मदत काही आली नाही. १७८१ मध्ये चेसापीकच्या उपसागरात फ्रेंच आरमाराने इंग्रजांना अडवलं, त्यात बुगँव्हिलही होता. अमेरिका इंग्रजांच्या हातून गेली. इकडे मात्र १७८२ च्या सालबाईच्या तहाने, आज उपनगरं वसलेली साष्टी त्यांच्याकडेच राहिली. म्हणून एकोणिसाव्या शतकात बोगनवेल भारतात रुजली ती इंग्रजांच्या बागांतून. फांदीचा तुकडा खोचला की जगते, मग बागेबाहेर पडायला तिला कितीसा वेळ लागणार? आज तिच्या नव्या वाणांची जागतिक नोंदणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत होते.

कॉमेर्सोंला एका झाडाला बारेचंही नाव द्यायचं होतं. पण त्या झाडाचं बारसं आधीच झालेलं निघालं. २०१२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका रानटी वेलीचं नाव शास्त्रज्ञांनी ‘सोलॅनम बारेटिए’ ठेवलं. ही वेल वांगी-बटाट्याच्या गोतातली. कप्तानाला झाड मिळालं १७८९ मध्ये. ओझी वाहणारीला आणखी २२३ वर्षं थांबावं लागलं.