मातीची गाडी आणि काचेचा पडदा : मुलांच्या खेळांच्या निवडीचा इतिहास



दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. आजच्या विषयाचे नाव वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडिओ गेमचे काय काम, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु कोणत्या वयाच्या मुलाच्या हाती कोणता खेळ द्यावा, ही चिंता पडद्याबरोबर जन्माला आलेली नाही. ती पुरातन आहे. आणि तिचे एक उत्तम वर्णन आपल्याच या उज्जयिनीत घडणाऱ्या एका नाटकात आहे.

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आपणा मराठी भाषकांना गोविंद बल्लाळ देवलांच्या रंगावृत्तीमुळे विशेष परिचयाचे झाले. नाटकाचे नावच मुळी एका खेळण्यावरून पडले आहे. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजाऱ्याच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला. ती गाडी परत नेली गेली. रदनिकेने मातीची गाडी करून दिली, तरी त्याचे रडे थांबेना. वसंतसेनेला हे पाहवले नाही. अंगावरचे दागिने उतरवून तिने ती मातीची गाडी भरली आणि सोन्याची गाडी करून घे असे सांगितले. पुढे तेच दागिने न्यायसभेत विदूषकाच्या काखेतून खाली पडतात आणि निरपराध चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतात. मुलाचा हट्ट, शेजाऱ्याशी बरोबरी, वडीलधाऱ्यांची माया आणि त्या मायेची भलतीच किंमत, हे सारे शूद्रकाने एका खेळण्याभोवती गुंफले आहे. “वर्गातल्या सगळ्यांकडे आहे, मग माझ्याकडे का नाही?” हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, त्या घरात रोहसेन अजून रडतो आहे.

याच नाटकात दुसराही एक खेळ आहे. संवाहक नावाचा जुगारी दहा सुवर्ण हरून पळतो, उलट्या पावलांनी एका ओस देवळात शिरतो आणि मूर्ती बनून उभा राहतो. पाठलाग करणारा द्यूतगृहाचा चालक माथुर आणि त्याचा सोबती यांना संशय येतो. ते तेथेच फासे टाकू लागतात. फाशांचा खुळखुळाट कानी पडताच संवाहकाला राहवत नाही आणि तो स्वतः होऊन पुढे येतो. मनाचा निग्रह आवाजाच्या एका आघाताने कसा गळून पडतो, याचे इतके नेमके चित्रण क्वचितच आढळेल. आज खिशातल्या यंत्राची घंटी वाजताच अभ्यास टाकून उठणारा मुलगा पाहिला की मला संवाहक आठवतो. एकाच नाटकात बालकाचे खेळणे आणि जुगाऱ्याचे फासे या दोन्ही वस्तू आहेत, पण त्या वेगवेगळ्या अंकांत आहेत. हा भेद आपण लक्षात ठेवावा. माझ्या पुढील सर्व विवेचनाचा तो पाया आहे.

द्यूताचे व्यसन राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, फाशांत लबाडी होऊ नये आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ भाग राज्याला मिळावा, अशी तेथे व्यवस्था आहे. खेळाला नियम घालण्याचा शासनाचा अधिकार इतका जुना आहे; आणि त्या खेळातून उत्पन्न मिळविण्याचा मोहही तितकाच जुना.

याच्या उलट टोकाला आपला मोक्षपट आहे. तो ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरेची श्रद्धा आहे. आज उपलब्ध असलेले पट मात्र त्यांच्या काळाच्या पुष्कळ नंतरचे आहेत. त्यांत घरांना गुणदोषांची नावे असतात, शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. हाच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला, तेथे मुलांच्या पटाचे रूप घेऊन छापला गेला आणि कालांतराने घरांवरची नावे पुसली जाऊन केवळ १०० आकडे उरले. साप तेच, शिड्या त्याच. अर्थ मात्र गळाला. खेळाचे बाह्य रूप कायम राहूनही त्याचा हेतू पालटू शकतो, हा धडा या पटाने आपल्याला दिला आहे.

वयानुसार खेळ निवडण्याचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याचे मोठे श्रेय मराठीपुरते ताराबाई मोडक यांना द्यावे लागेल. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली. पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. माँटेसरींची साधने महाग होती. ताराबाईंनी शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांतून साधने घडविली. साधनाची किंमत नव्हे, तर त्या वयात मुलाचा हात, डोळा आणि बुद्धी कशासाठी आसुसलेली असते, हे त्यांनी प्रमाण मानले. म्हणजे रोहसेनाच्या मातीच्या गाडीला त्यांनी पुन्हा मान मिळवून दिला.

आता पडद्याकडे वळू. १९७२ साली अमेरिकेत ‘पाँग’ आला. एक ठिपका आणि दोन पट्ट्या एवढाच त्याचा संसार. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी ‘टेट्रिस’ रचला. १९८५ मध्ये जपानच्या निन्तेन्दोने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणला. आपल्याकडे १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या खोक्यांतून हे खेळ मध्यमवर्गीय घरांत शिरले. पालकांची तक्रार तेव्हा एवढीच असे की डोळे बिघडतील आणि टीव्हीही बिघडेल.

पाश्चात्य देशांत मात्र वाद वेगळ्या कारणाने पेटला. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या खेळातील रक्तपात पाहून डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल यांच्या पुढाकाराने सुनावणी झाली. सरकारी नियंत्रणाची चाहूल लागताच उद्योगाने स्वतःच १९९४ मध्ये एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्ड हे मंडळ स्थापन केले. युरोपात २००३ पासून पेगी ही पद्धती आली. तिच्या वेष्टनावर ३, ७, १२, १६ आणि १८ हे आकडे असतात. भारतात चित्रपटांसाठी १९५२ चा कायदा आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्यात ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पेही आले. खेळांसाठी मात्र तसे मंडळ निर्माण झाले नाही. मोबाइलच्या दुकानात जो वयाचा आकडा दिसतो, तो आपल्याकडे बहुधा या परदेशी पद्धतीचाच असतो, आणि तो पाहण्याची सवय आपल्याला नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी’ हा २००२ चा खेळ प्रौढांसाठी ठरविलेला, पण आपल्या शहरांतील सायबर कॅफेंत तो शाळकरी मुलांनीच अधिक खेळला.

या आकड्यांची एक मर्यादा आहे. मारामारी किती, भाषा कशी, हे आकडा सांगतो. खेळ कशावर पोसला जातो, हे त्याने दीर्घकाळ सांगितले नाही. फुकट मिळणारा खेळ आतमध्ये बंद पेट्या विकतो. पेटीत काय निघेल हे नशिबावर. मुलाने पुन्हा पैसे भरावेत. म्हणजे बालकाचे खेळणे आणि जुगाऱ्याचे फासे एकाच अंकात आले! बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले. पेगीने २०२० पासून त्यांची सूचना वेष्टनावर देण्यास प्रारंभ केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या अनावर आसक्तीला विकार म्हणून स्थान मिळाले. भारताने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी घातली, पण ती राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव, बालहितासाठी नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. कौटिल्याने द्यूताला नियमांत बसविले, आपण पैशाच्या खेळाचे दारच बंद केले. तथापि मुलांच्या खेळातील बंद पेटीचा प्रश्न तेवढ्याने सुटला असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

मग घरात निवड कशी करावी? इतिहासाने मला तीन प्रश्न दिले आहेत. खेळ काय दाखवतो? तो कोणाबरोबर खेळला जातो? आणि तो कशावर जगतो? ५ वर्षांखालील मुलाला हे प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ वर्षांखालील मुलांना पडदा नको आणि त्यापुढे ४ वर्षांपर्यंत दिवसाला १ तासापेक्षा अधिक नको, असे सांगितले. हे वय मातीचे, पाण्याचे, सागरगोट्यांचे. ६ ते ९ या वयात मारिओसारखे किंवा कोड्यांचे खेळ चालतील, पण बैठकीच्या खोलीत, आजी-आजोबांनाही हातात यंत्र देऊन. १० ते १२ च्या मुलाला ‘माइनक्राफ्ट’सारखा बांधकामाचा खेळ द्यावा, अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय मात्र बंद ठेवावी. १३ च्या पुढे राज्ये उभारण्याचे, इतिहासाचे, डावपेचांचे खेळ योग्य. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवर उभारलेला खेळ या वयाच्या मुलांनी पालकांसह पाहण्याजोगा आहे. आणि १८ चा आकडा असलेला खेळ १८ पर्यंत थांबू शकतो, हे घराने एकदाच, न रागावता, स्पष्ट सांगावे. पैशाची किल्ली मात्र कोणत्याही वयात मुलाच्या यंत्रात जोडून ठेवू नये.

बंदीने सर्व साधते असे मी मानत नाही. संवाहकाला देवळात लपून मुक्ती मिळाली नाही. वसंतसेनेने त्याचे ऋण फेडले, आणि मग त्याने स्वतःहून द्यूत सोडून भिक्षूचा मार्ग धरला. आधी कोणीतरी आपुलकीने हात दिला, मग निग्रह आला, हा क्रम लक्षणीय आहे. मुलाबरोबर अर्धा तास खेळायला बसणारा पालक त्या खेळाविषयी जे शिकतो, ते कोणताही आकडा त्याला शिकवू शकत नाही.

सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्ण ६४ कला शिकला, अशी या नगरीची परंपरा आहे. वात्स्यायनाने ६४ कलांची जी यादी दिली आहे, तीत द्यूतविशेषही आहे आणि मुलांची खेळणी करण्याची कलाही आहे. प्राचीनांनी दोन्हींना विद्या मानले, पण त्यांची गल्लत केली नाही. माधव नगरातील घराघरांत आज ही गल्लत रोखण्याचे काम आई-वडिलांकडे आणि शिक्षकांकडे आले आहे. ज्या गुरुजनांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो, त्यांनी मधल्या सुटीत मुलांबरोबर मैदानावर उतरणे हा आपल्या कर्तव्याचाच भाग मानला. ती परंपरा नव्या मैदानातही चालू राहावी, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.