एस्प्रेसो: दाब आणि उष्णतेची फारकत
पाणी सांगलीत सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते, तर सातारा जिल्ह्यातील उंचावरच्या महाबळेश्वरात सुमारे ९५ अंशांना. कारण तेथे हवेचा दाब कमी. दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो. एस्प्रेसो कॉफीचा इतिहास या नियमाभोवतीच फिरतो.

मिलानच्या लुइजी बेझेरा याने १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात वाफेचा दाब पाण्याला कॉफीच्या पुडीतून ढकलत असे. पण दाब वाढवावा, तर पाणी अधिक तापे आणि कॉफी कडवट होई. आकिले गाज्जा याच्या १९४८ च्या सुमाराच्या यंत्राने ही जोडी फोडली. हवेच्या सुमारे नऊपट दाब स्प्रिंगच्या दट्ट्याने मिळू लागला. त्यासाठी पाणी जास्त तापवण्याची गरज उरली नाही. कॉफीवर सोनेरी फेस आला, तो या दाबामुळेच.

आज घरी हौसेने वापरली जाणारी हातदाबाची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. त्यांना महाबळेश्वरचे ९५ अंशांचे पाणीही पुरते. प्रेशर कुकर शिकवताना वर्गात जरूर विचारा: दाबासाठी उष्णता हवीच का?